कीर्तिमंदिर आणि जन्मग्राम : कूपर्सटाउनच्या क्रीडायात्रेचा इतिहास

१

एखाद्या गावास क्षेत्राची प्रतिष्ठा प्राप्त होते ती बहुधा दोन गोष्टींमुळे. तेथे पूर्वी काही विशेष घडले अशी लोकांची श्रद्धा असते. आणि ती श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या सांगणारे एखादे स्थलपुराण प्रचलित असते. यात्रेचा काळ, मार्ग, मुक्काम आणि दर्शनाचा क्रम ह्या साऱ्या गोष्टी पुढे त्या पुराणाच्या आधारानेच ठरत जातात. ही प्रक्रिया केवळ धर्मक्षेत्रांपुरती मर्यादित आहे असे मानण्याचे कारण नाही. विसाव्या शतकात उत्तर अमेरिकेत खेळाडूंची जी कीर्तिमंदिरे उभी राहिली आणि त्यांच्या दर्शनार्थ उन्हाळ्याच्या सुटीतील कौटुंबिक प्रवास आखण्याची जी प्रथा रूढ झाली, तिच्या मुळाशीही हीच प्रक्रिया दिसून येते. ह्या मंदिरांपैकी सर्वांत प्रसिद्ध असे बेसबॉलचे कीर्तिमंदिर न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन ह्या खेड्यात आहे. त्याचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. कारण ज्या कथेच्या आधाराने ते तेथे उभारले गेले ती कथा असत्य असल्याचे सिद्ध झाले, तरीही यात्रा मात्र थांबली नाही.

प्रथम नावाचा विचार करणे उचित होईल. इंग्रजीतील ‘फेम’ हा शब्द लॅटिन ‘फामा’पासून आलेला आहे, आणि ‘फामा’चा संबंध ‘बोलणे’ ह्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी आहे. संस्कृतातील ‘कीर्ति’ हा शब्दही ‘कीर्तयति’, म्हणजे ‘सांगतो, नाव घेतो’, ह्या क्रियापदाच्या कुळातला. मराठीतील ‘कीर्तन’ हा त्याचाच भाऊबंद होय. जर्मन भाषेत कीर्तीला ‘रूम’ म्हणतात. तो शब्द आणि संस्कृत ‘कीर्ति’ हे दोन्ही ‘मोठ्याने गुण गाणे’ अशा अर्थाच्या एकाच प्राचीन धातूपासून निघाले असावेत असे तौलनिक व्युत्पत्तीच्या अभ्यासकांनी मानले आहे. सारांश, तिन्ही भाषांत कीर्ती म्हणजे मूलतः ‘जे सांगितले जाते ते’. जे घडले ते आणि जे सांगितले जाते ते ह्यांत अंतर असू शकते. कूपर्सटाउनचा सर्व इतिहास ह्या अंतराचा इतिहास आहे.

कीर्तिमंदिराची कल्पना अमेरिकेत युरोपातून आली. बव्हेरियाचा राजा पहिला लुड्विग ह्याने रेगेन्सबुर्गजवळ १८४२ साली ‘वालहाला’ आणि म्यूनिक येथे १८५३ साली ‘रूमेसहाले’, म्हणजे शब्दशः कीर्तीचे दालन, अशा दोन वास्तू उघडल्या. त्यांच्या धर्तीवर न्यूयॉर्क विद्यापीठाचे कुलपती हेन्री मॅक्‌क्रॅकन ह्यांच्या पुढाकाराने ब्राँक्स येथील टेकडीवर १९०१ साली थोर अमेरिकनांचे कीर्तिमंदिर स्थापन झाले. स्तंभांच्या अर्धवर्तुळाकार ओवरीत अध्यक्ष, कवी, शास्त्रज्ञ आणि संशोधक ह्यांचे अर्धपुतळे बसविण्यात आले. प्रारंभी तेथील निवडीची चर्चा देशभर होत असे. पुढे १९७३ साली विद्यापीठाने ती जागा सोडली; १९७६ नंतर नवी निवड झाली नाही; आणि आज त्या ओवरीकडे वाट वाकडी करून जाणारे प्रवासी थोडेच. ज्यांचे पुतळे तेथे आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांचा त्या टेकडीशी काही संबंध नव्हता, हे त्या उपेक्षेचे एक कारण म्हणता येईल. बडोद्याचे ‘कीर्तिमंदिर’ सयाजीराव गायकवाडांच्या हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने १९३६ साली उभे राहिले; परंतु ते एका राजघराण्याचे आपल्याच नगरातील स्मारक होते, आणि त्यामुळे स्थान व कीर्ती ह्यांची तेथे फारकत झाली नाही. त्याच १९३६ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिराची पहिली निवडणूक झाली. त्या मंदिराच्या चालकांनी स्थान आधी ठरविले होते, आणि ते ठरविण्यासाठी एक जन्मकथा त्यांच्या हाती तयार होती.

२

ती जन्मकथा एका वादातून उत्पन्न झाली. हेन्री चॅडविक हा इंग्लंडमधील एक्सेटर येथे १८२४ साली जन्मलेला आणि बालपणीच अमेरिकेत आलेला पत्रकार. बेसबॉलच्या वृत्तांताची आणि गुणांकनाची पद्धत रुळविण्यात त्याचा वाटा मोठा होता. हा खेळ इंग्लंडमधील ‘राउंडर्स’ ह्या मुलांच्या खेळापासून विकसित झाला असे तो निःशंकपणे लिहीत असे. ह्या मताला विरोध केला तो आल्बर्ट स्पाल्डिंगने. स्पाल्डिंग हा पूर्वी नामांकित गोलंदाज होता आणि पुढे क्रीडासाहित्याचा बडा कारखानदार झाला. १८८८-८९ साली त्याने खेळाडूंचे दोन संघ घेऊन जगप्रवास केला. तो परतल्यावर १८८९ साली न्यूयॉर्कमध्ये झालेल्या मेजवानीत, बेसबॉलचा राउंडर्सशी काही संबंध नाही, अशी घोषणा झाली आणि उपस्थितांनी ती जयघोषाने उचलून धरली. राष्ट्रीय खेळाचे मूळ परदेशी असणे त्या पिढीच्या अभिमानास मानवणारे नव्हते.

ह्या वादाचा निकाल लावण्यासाठी १९०५ साली सात जणांची एक समिती नेमण्यात आली. तिचा अध्यक्ष एब्राहम मिल्स हा नॅशनल लीग ह्या संघटनेचा माजी अध्यक्ष होता. समितीने लोकांकडून आठवणी मागविल्या. त्यांत डेन्व्हर येथील ॲबनर ग्रेव्हज नावाच्या वृद्ध खाण-अभियंत्याचे पत्र आले. आपल्या बालपणी, १८३९ च्या सुमारास, कूपर्सटाउन येथे ॲबनर डबलडे ह्याने हा खेळ शोधून काढला आणि मुलांना शिकविला, असे त्याने लिहिले होते. समितीने १९०७ च्या अखेरीस आपला निष्कर्ष दिला तो मुख्यतः ह्याच पत्राच्या आधारे.

हे पत्र स्पाल्डिंगच्या पक्षाला किती सोयीचे होते ते सहज लक्षात येईल. डबलडे हा यादवी युद्धातील सेनापती. १८६१ साली समटर किल्ल्याच्या रक्षणार्थ पहिली तोफ डागण्याचा मान त्याला दिला जातो, आणि १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईत त्याने नेतृत्व केले होते. राष्ट्रीय खेळास राष्ट्रीय वीर हा जनक म्हणून लाभला. परंतु ग्रेव्हजचा जन्म १८३४ चा, म्हणजे सांगितलेल्या घटनेच्या वेळी तो पाच वर्षांचा होता. डबलडे १८३८ सालीच वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात दाखल झालेला होता. तो १८९३ साली निवर्तला तोपर्यंत आपण बेसबॉलचा शोध लावला असा दावा त्याने कोठेही केला नाही. समितीच्या अध्यक्षाचा तर डबलडेशी परिचय होता. त्यालाही ही गोष्ट मित्राच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी एका अनोळखी माणसाच्या पत्रातून कळावी, ह्यातील विसंगती कोणास खटकली नाही. १९०८ साली समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि कूपर्सटाउनला स्थलपुराण मिळाले.

३

स्थलपुराण मिळाले तरी क्षेत्र लगेच निर्माण होत नाही. त्यास उपाध्येही लागतात आणि निकडही लागते. ऑट्सिगो सरोवराच्या दक्षिण टोकाशी, जेथून सस्क्वेहॅना नदी उगम पावते तेथे, विल्यम कूपर ह्याने १७८६ साली हे गाव वसविले. त्याचा पुत्र जेम्स फेनिमोर कूपर हा कादंबरीकार म्हणून जगप्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकात ह्या परिसराची भरभराट झाली ती हॉपच्या पिकावर. बीअरला कडवट चव आणणारे हे फूल वेलीवर येते आणि त्याच्या तोडणीसाठी दूरदूरचे मजूर येत. परंतु पिकावरील रोग आणि १९२० ते १९३३ ह्या काळातील मद्यबंदी ह्यांमुळे ही शेती बुडाली, आणि तिच्या पाठोपाठ १९२९ नंतरची जागतिक मंदी आली. गावापाशी रम्य सरोवर होते, जुनी घरे होती. लोकांनी तेथे यावे यासाठी कारण मात्र हवे होते.

ते कारण पुरविण्याचे कार्य स्टीफन क्लार्क ह्याने केले. सिंगर शिवणयंत्राच्या उद्योगातून मिळालेल्या संपत्तीचा तो एक वारस होता आणि गावावर त्याच्या घराण्याचे मोठे वर्चस्व होते. १९३४ साली जवळच्या फ्लाय क्रीक ह्या वस्तीतील एका घराच्या माळ्यावर, ग्रेव्हज कुटुंबाच्या मानल्या गेलेल्या जुन्या पेटीत, एक फाटका चेंडू सापडला. क्लार्कने तो पाच डॉलरांना विकत घेतला. डबलडेने वापरलेला चेंडू तो हाच, असे मानण्यात आले, आणि पुराणास अवशेषाचा आधार मिळाला. क्लार्कच्या पदरी असलेल्या अलेक्झांडर क्लेलँड ह्या स्कॉटिश गृहस्थाने गावात बेसबॉलचे वस्तुसंग्रहालय काढण्याची योजना मांडली. क्लेलँडला खेळाची फारशी माहिती नव्हती. प्रवाशांची गावाला असलेली गरज मात्र त्याने अचूक ओळखली होती. नॅशनल लीगचे तत्कालीन अध्यक्ष फोर्ड फ्रिक ह्यांनी त्या संग्रहालयास कीर्तिमंदिराची जोड सुचविली.

१९३६ च्या पहिल्या निवडणुकीत २२६ क्रीडापत्रकारांनी मते दिली. निवडीसाठी तीनचतुर्थांश मते आवश्यक होती. टाय कॉब ह्यास २२२, बेब रूथ आणि होनस वॅग्नर ह्यांस प्रत्येकी २१५, ख्रिस्टी मॅथ्युसन ह्यास २०५ आणि वॉल्टर जॉन्सन ह्यास १८९ मते पडून हे पाच जण प्रथम निवडले गेले. १२ जून १९३९ रोजी, कथेतील शोधास शंभर वर्षे झाली असे धरून, मंदिराचे उद्घाटन झाले. त्या दिवशी टपालखात्याचे प्रमुख जेम्स फार्ली ह्यांच्या उपस्थितीत तीन सेंटांचे शताब्दी तिकीट विक्रीस काढण्यात आले. तिकिटावर मोकळ्या जागेत खेळणारी मुले होती. डबलडेची प्रतिमा नव्हती. शासनाने वर्ष स्वीकारले, परंतु पुरुष स्वीकारण्याचे टाळले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मंदिरानेही डबलडेला आजतागायत निवडलेले नाही. चॅडविक १९३८ साली आणि त्याचा प्रतिपक्षी स्पाल्डिंग १९३९ साली निवडला गेला. दोघांचे कांस्यपट आज एकाच दालनात आहेत. ज्याच्या नावावर गावाची ख्याती उभी राहिली त्याचा पट तेवढा तेथे नाही.

४

डबलडेची कथा खोडून निघाली ती मुख्यतः शब्दांच्या साक्षीने. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयातील रॉबर्ट हेंडरसन ह्यांनी शताब्दीच्या वर्षीच आपले संशोधन प्रसिद्ध केले आणि १९४७ साली त्यास ग्रंथरूप दिले. १८३४ साली बॉस्टन येथे छापलेल्या रॉबिन कार्व्हरच्या मुलांसाठीच्या क्रीडापुस्तकात ‘बेस किंवा गोल बॉल’ ह्या नावाखाली जे नियम आहेत, ते लंडनमध्ये आधी छापलेल्या पुस्तकातील राउंडर्सच्या नियमांवरून घेतलेले आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे तथाकथित शोधाच्या पाच वर्षे अगोदर हे नियम अमेरिकेत छापून विकले जात होते.

पुढील संशोधनाने हा काळ आणखी मागे नेला. लंडनचा प्रकाशक जॉन न्यूबेरी ह्याच्या १७४४ च्या बालपुस्तकात ‘बेस-बॉल’ हे नाव येते. इंग्लंडमधील सरे परगण्यातील विल्यम ब्रे ह्या तरुणाने १७५५ च्या ईस्टर सोमवारी हा खेळ खेळल्याची नोंद दैनंदिनीत केलेली आहे, आणि खेळणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. जेन ऑस्टेनने अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आणि पुढे ‘नॉर्थँगर ॲबी’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या कादंबरीची नायिका लहानपणी बेसबॉल खेळणारी आहे. डबलडेचा जन्म त्यानंतरचा, १८१९ चा. मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड गावाच्या १७९१ च्या एका ठरावात नव्या सभागृहाच्या खिडक्यांची तावदाने वाचविण्यासाठी त्याच्या ऐंशी यार्डांच्या आत क्रिकेट, बेसबॉल इत्यादी खेळ खेळण्यास बंदी घातलेली आहे. हा ठराव २००४ साली जॉन थॉर्न ह्या इतिहासकाराच्या शोधातून प्रकाशात आला. ज्या खेळाला गाव बंदी करते तो तेथे आधीपासूनच चांगला रुळलेला असला पाहिजे.

अर्थात राउंडर्सपासून बेसबॉल निघाला हे चॅडविकचे म्हणणेही जसेच्या तसे टिकत नाही. डेव्हिड ब्लॉक ह्यांनी २००५ साली दाखविल्याप्रमाणे ‘राउंडर्स’ हे नाव छापील साधनांत ‘बेस-बॉल’पेक्षा बरेच नंतर आढळते. तेव्हा एकाने दुसऱ्यास जन्म दिला असे म्हणण्यापेक्षा चेंडू, टप्पे आणि धाव ह्यांच्या एका मोठ्या कुळातील ही भावंडे आहेत असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. जसा भाषेचा कोणी एक जनक नसतो आणि तिचे एक जन्मगाव नसते, तसेच लोकखेळांचेही आहे.

५

असे असता यात्रा का टिकली? ह्या प्रश्नाचे उत्तर यात्रेच्या आखणीतच शोधावे लागते. कूपर्सटाउनची लोकसंख्या दोन हजारांहूनही कमी आहे. न्यूयॉर्क शहरापासून ते सुमारे दोनशे मैल दूर, मोठ्या महामार्गांच्या बाजूला आहे. तेथे सहज जाता जाता कोणी पोचत नाही. जाणाऱ्यास ठरवूनच जावे लागते. ही दुर्गमता उणीव न ठरता क्षेत्राच्या महत्त्वास पोषकच ठरली. ज्यासाठी दोन दिवस मोडावे लागतात त्याचे दर्शन सुटीचा मध्यबिंदू बनते आणि बाकीचा प्रवास त्याभोवती गुंफला जातो.

यात्रेस पंचांगही आहे. नव्या मानकऱ्यांची प्रतिष्ठापना सामान्यतः जुलैच्या अखेरच्या रविवारी होते. खेळाडू निवृत्त झाल्यावर पाच वर्षे लोटल्याखेरीज त्याचा विचार होत नाही, हा नियम १९५४ पासून आहे. त्यामुळे आवडता खेळाडू मैदान सोडतो त्याच दिवशी त्याचे भक्त बोटांवर वर्षे मोजून आपल्या प्रवासाचा उन्हाळा निश्चित करू शकतात. १९९६ पासून बारा वर्षांच्या मुलांचे संघ गावाजवळील शिबिरात खेळावयास येऊ लागले, आणि प्रत्येक संघाबरोबर आईबाप, भावंडे, आजीआजोबा ह्यांचा परिवार येऊ लागला. २००७ साली कॅल रिप्केन आणि टोनी ग्विन ह्यांच्या प्रतिष्ठापनेस पंच्याहत्तर हजारांहून अधिक लोक लोटले असा अंदाज आहे. उलट डेरेक जीटर ह्याची निवड २०२० साली होऊनही महामारीमुळे समारंभ लांबला, आणि अखेर तो ८ सप्टेंबर २०२१ रोजी, बुधवारी, शाळा सुरू झाल्यावर पार पडला. कित्येक वर्षे जुळविलेले बेत त्यामुळे मोडले.

कूपर्सटाउनच्या यशामुळे इतर खेळांनाही आपापली क्षेत्रे हवीशी वाटू लागली, आणि ती प्रस्थापित करताना जन्मकथेचाच आधार शोधण्यात आला. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ ह्याने डिसेंबर १८९१ मध्ये बास्केटबॉलचा खेळ खरोखरच तयार केला. तेथील कीर्तिमंदिर १९६८ साली उघडले. तेथून दहा मैलांच्या आत असलेल्या होलिओक गावी विल्यम मॉर्गन ह्याने १८९५ साली व्हॉलीबॉलचा खेळ बसविला, आणि त्याही खेळाचे कीर्तिमंदिर तेथे आहे. ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे १८८१ साली अमेरिकेची पहिली राष्ट्रीय टेनिस स्पर्धा झाली. टेनिसचे मंदिर १९५४ पासून त्याच वास्तूत आहे. ओहायोतील कँटन येथे १९२० साली एका मोटारविक्रीच्या दुकानात व्यावसायिक फुटबॉलची संघटना जन्मास आली. त्या आधारावर गावाने मागणी केली आणि १९६३ साली मंदिर मिळविले. कॅनडात किंग्स्टनच्या जेम्स सदरलँडने आपले गाव हेच आइस हॉकीचे जन्मस्थान असा पक्ष मांडून १९४३ साली मंदिराचा मान मिळविला होता. परंतु इमारत वेळेवर उभी राहिली नाही आणि १९६१ साली मंदिर टोरांटोत उघडले. कूपर्सटाउनपासून जवळच असलेल्या ओनिओंटा येथील सॉकरच्या कीर्तिमंदिराची गोष्ट अधिक बोलकी आहे. मोठ्या क्षेत्राच्या शेजारामुळे प्रवासी आपोआप इकडेही वळतील ही अपेक्षा फलद्रूप झाली नाही. १९९९ साली उघडलेले तेथील संग्रहालय २०१० साली बंद पडले आणि पुढे मंदिर टेक्ससमध्ये गेले. क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००९ साली स्थापिलेल्या कीर्तिमंदिरात सुनील गावसकर आणि २०१९ पासून सचिन तेंडुलकर ह्यांची नावे आहेत. परंतु ते प्रामुख्याने नामावलीच्या स्वरूपाचे आहे. ज्या नामावलीस गाव नाही तिचा आदर करता येतो. तिच्या यात्रेस निघता येत नाही.

ह्या तुलनेवरून एक निष्कर्ष निघतो. जन्मकथा यात्रेस प्रारंभ करून देते; तिचे सातत्य मात्र यात्रिकांच्या स्वतःच्या स्मृतीवर अवलंबून असते. आजोबांनी बापाला नेले आणि बापाने मुलाला नेले, की १८३९ मध्ये काय झाले हा प्रश्न गौण होतो. १९३९ पासून तेथे जे घडत आले तेच त्या गावाचे खरे चरित्र बनते. संग्रहालयही आता डबलडेची कथा दंतकथा म्हणूनच सांगते. त्याच गावातील कृषिसंग्रहालयात १८६९ च्या ‘कार्डिफच्या राक्षसा’ची मूर्ती ठेवलेली आहे. जिप्समच्या दगडातून कोरलेला हा दहा फुटी पुरुष जमिनीत पुरून प्राचीन मानवाचे अश्मरूप म्हणून लोकांस पैसे घेऊन दाखविण्यात आला होता. आज तो लबाडीचा नमुना म्हणून दाखविला जातो, आणि तरीही प्रेक्षक येतात.

६

तथापि ह्या कथेचा शेवट एवढ्या समाधानावर करता येत नाही. असत्य कथेने कोणाचे काय बिघडले असे विचारले जाते. कूपर्सटाउनपुरते त्याचे उत्तर देता येते.

जॉन जॅक्सन नावाचा एक कृष्णवर्णी मुलगा १८५८ साली फोर्ट प्लेन येथे जन्मला आणि कूपर्सटाउनमध्ये वाढला. त्याचा बाप तेथे न्हाव्याचा धंदा करी. पुढे ‘बड फाउलर’ ह्या नावाने तो बेसबॉल खेळू लागला, आणि १८७८ साली पैसे घेऊन श्वेतवर्णीयांच्या संघातून खेळणारा पहिला ज्ञात कृष्णवर्णी खेळाडू ठरला. ज्या नदीचा उगम कूपर्सटाउनला होतो तिच्याच काठी असलेल्या बिंगॅम्टनच्या संघात तो १८८७ साली होता. त्याच्या संघसोबत्यांनी कृष्णवर्णीयांबरोबर खेळण्यास नकार दिला. त्याला संघ सोडावा लागला, आणि त्याच वर्षी त्या लीगने कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचे ठरविले. ठिकठिकाणच्या संघांतून फिरत, १८९५ साली कृष्णवर्णीयांचा एक नामांकित संघ उभारण्यास हातभार लावून, तो १९१३ साली विपन्नावस्थेत मरण पावला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो १९८७ साली बेसबॉलच्या अभ्यासकांनी बसविला.

ह्या तारखा मिल्स समितीच्या तारखांशेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. १९०५ ते १९०७ ह्या काळात समिती कूपर्सटाउनच्या बेसबॉलपटूचा शोध घेत होती त्या वेळी फाउलर हयात होता. त्या गावात वाढून बेसबॉलमध्ये नाव काढलेला पुरुष खरोखरच होता. परंतु समितीला हवा असलेला पुरुष तो नव्हता. खेळाचे मूळ शुद्ध अमेरिकन ठरविण्याची ज्यांना उत्कंठा होती, त्यांच्या डोळ्यांसमोर खेळातून हाकलले जाणारे अमेरिकन त्यांना दिसले नाहीत.

मंदिरातही हेच मौन दीर्घ काळ होते. जॅकी रॉबिन्सनने १९४७ साली वर्णबंदी मोडली आणि १९६२ साली तो निवडला गेला. १९६६ साली टेड विल्यम्स ह्या श्वेतवर्णी खेळाडूने आपल्या प्रतिष्ठापनेच्या भाषणात सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन ह्यांची नावे घेऊन, संधीच न मिळालेल्या कृष्णवर्णी खेळाडूंनाही येथे स्थान मिळावे अशी इच्छा व्यक्त केली. १९७१ साली त्यांच्यासाठी वेगळे दालन करण्याचा विचार निघाला. त्यावर टीका झाल्यानंतर पेज ह्यास इतरांच्या बरोबरीने स्थान देण्यात आले. २००६ साली अशा सतरा व्यक्ती एकदम निवडल्या गेल्या. त्यांतील एफा मॅन्ली ही मंदिरात निवडली गेलेली पहिली स्त्री. कांसे हे कठीण असले तरी न बदलणारे नाही. रॉबेर्तो क्लेमेंते ह्याच्या १९७३ च्या पटावर स्पॅनिश नामपद्धतीतील मातृकुळाचे नाव चुकीच्या जागी घातले होते. तो पट २००० साली बदलण्यात आला. रॉबिन्सनच्या पटावर प्रारंभी केवळ खेळाचा हिशेब होता. त्याने मोडलेल्या वर्णबंदीचा उल्लेख २००८ साली त्यावर आला. फाउलरचा पट मात्र २०२२ साली लागला, त्याच्या मृत्यूनंतर एकशेनऊ वर्षांनी.

कूपर्सटाउनच्या यात्रेची आखणी करणाऱ्यास म्हणून दर्शनाचा क्रम थोडा बदलणे हिताचे होईल. कांस्यपटांच्या दालनाने प्रारंभ करण्यापेक्षा गावातील जुन्या मैदानापासून प्रारंभ करावा. ते ग्रेव्हजने सांगितलेल्या कुरणाच्या जागी आहे आणि आजही ‘डबलडे फील्ड’ ह्याच नावाने ओळखले जाते. तेथे जो खेळ सुरू झाल्याचे सांगितले गेले तो तेथे सुरू झाला नाही. परंतु त्या मैदानाकडे नेणाऱ्या छोट्या रस्त्यास गावाने २०१३ साली ‘फाउलर वे’ हे नाव दिले आहे. ज्याचे नाव मैदानाला आहे त्याचा ह्या खेळाशी संबंध सिद्ध होत नाही. ज्याचे नाव रस्त्याला आहे तो त्याच गावात वाढला, खेळला आणि खेळातून काढला गेला. कीर्ती म्हणजे जे सांगितले जाते ते, हे खरे. म्हणूनच काय सांगावयाचे राहून गेले हेही यात्रिकाने त्या रस्त्याने चालताना विचारले पाहिजे.